नालांच्या फाटकावरची गोकर्ण

साप्ताहिकाचा अंक दत्ताजीरावांनी असा भिरकावला, की तो उंबरा ओलांडून थेट कणकेच्या परातीत येऊन पडला.

"वाच! डभोईच्या शाळेत चार यत्ता शिकलीस ना? मग वाच मोठ्यानं. आईसाहेबांनाही कळू दे, सून काय दिवे लावते ते."

येसूबाईनं कागदावरचं पीठ झटकलं. तिसऱ्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीवर, कवी श्रीपतरावांची कविता छापली होती. चारच ओळी.

नालांच्या त्या फाटकापाशी शुभ्र गोकर्णी फुले,
काळी कांकणे ल्याल्या हाती वेल हळूच डुले.
उभा राहिलो क्षणभर तेथे, वाट विसरुनी गेलो,
फूल न देता हातच लपला, रिताच मागे आलो.

शेवटच्या ओळीपर्यंत येता येता तिचा आवाज पार बसला. नालांचं फाटक अख्ख्या बडोद्यात एकच होतं, आणि ते तिच्या घराचं होतं. दत्ताजीरावांच्या आजोबांनी रिसाल्यात नऊ घोडे वापरले, आणि प्रत्येक घोडा गेला की त्याचा एक नाल फाटकाच्या फळीवर ठोकून ठेवला. आता घोडे नाहीत, रिसाला नाही, नातू पागेच्या कचेरीत कारकुनी करतो. पण रुबाब काही उतरला नव्हता. घरात बायकांचा गोषा-पडदा अजून कडक. कारेलीबागेच्या रस्त्यानं जाणारी भाजीवालीसुद्धा पत्ता सांगताना म्हणायची, "नालांच्या फाटकापासून डावीकडे." त्या फाटकाच्या आत बायका राहतात एवढं लोकांना ठाऊक होतं. त्यांचं नखसुद्धा कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि आता हात छापून आला होता!

"काल तात्यासाहेबांच्या दिवाणखान्यात त्यानं ही म्हणून दाखवली," दत्ताजीराव म्हणाले. तात्यासाहेब म्हणजे पेन्शनीत निघालेले मोठे अंमलदार, त्यांच्याकडे दर गुरुवारी गावातली हौशी मंडळी जमायची. "कुणीतरी विचारलं, काय हो, खरंच उभे होतात का तिथं? तर तो हसला. मिशीतल्या मिशीत हसला! वीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती."

"तो हसला म्हणून मी वाईट झाले?"

"मग हात कुणाचा? गोकर्णीला रोज सकाळी हात कुणाचा लागतो? आईसाहेबांचा?"

कोपऱ्यात जपमाळ ओढणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. त्यांचं गप्प राहणं येसूबाईला नवऱ्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"फत्तेसिंहरावांना पत्र टाकलंय," दत्ताजीराव म्हणाले. "परवा सकाळच्या गाडीनं येतील. तुझी ट्रंक भरून ठेव."

फत्तेसिंहराव म्हणजे तिचा भाऊ. असं पत्र टाकून परत पाठवलेली बाई पुन्हा सासरचा उंबरा चढत नाही, हे येसूबाईला कुणी सांगायला नको होतं. डभोईला तिची सख्खी आत्या अशीच परत आली होती, आणि तीस वर्षं ओसरीच्या कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. सणासुदीला तिला कुणी कुंकू लावत नसे. तिनं काय केलं होतं हे शेवटपर्यंत कुणी विचारलंही नाही.

येसूबाईला रडू आलं नाही. तिचं डोकंच फिरलं. सोळा वर्षं या घरात ती उजाडता उजाडता डोक्यावर पदर घेऊन फाटकाशी जायची आणि वेलीवरचं फूल न् फूल खुडून आणायची. सासूबाईंचा नेम होता तसा: गोकर्ण महादेवाची, तिचं एकही फूल वेलीवर उन्हात सुकता कामा नये. रस्त्यावर चिटपाखरू नसताना ती जायची आणि सूर्य वर यायच्या आत परतायची. त्यात कुणाला उभं करणार होती ती? दूधवाल्याच्या म्हशीला?

दुपारी स्वयंपाकघर आवरल्यावर तिनं तो अंक पुन्हा उघडला. शिव्या घालायच्या म्हणूनच उघडला खरं तर. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ती पहिल्याच ओळीत अडकली.

शुभ्र?

मेल्या, शुभ्र कुठली? फाटकावरची गोकर्ण निळी होती. गर्द निळी, शाईच्या दौतीसारखी. पांढऱ्या गोकर्णीचं बी सासूबाईंनी दोनदा लावलं होतं, दोन्ही वेळा मुंग्यांनी खाल्लं. आणि काळी कांकणं? सवाष्ण बाई उगाच काळी कांकणं कशाला भरेल? तिच्या हातात लग्नापासून हिरवा चुडा होता.

ती उठून उभी राहिली. कारण पांढरी गोकर्ण आणि काळी कांकणं तिनं एका ठिकाणी पाहिली होती. एकाच.

दत्ताजीरावांना फोटोचा नाद होता. मागच्या अंगणातल्या न्हाणीला काळे पडदे लावून त्यांनी अंधारी खोली केली होती. लाल दिव्यात काच बुडवायचे ते, पण त्यानंतरची सगळी ढोरमेहनत येसूबाईची. काच धुवायची ती, कागद चौकटीत दाबून गच्चीवर उन्हात ठेवायची ती, छबी उमटली की बारा पाण्यांतून तो कागद काढायची तीच. "थंड पाणी घे!" हे ते रोज ओरडायचे. "काचेला ऊन पाणी लागलं तर वरची साय विरघळेल आणि छबी वाहून जाईल." इतकी वर्षं धुऊन धुऊन तिला त्या काचेच्या खोडी पाठ झाल्या होत्या. काचेला रंग धड दिसत नाहीत. निळं असेल ते कागदावर पांढरंफट्ट उमटतं. तांबडं, पिवळं, हिरवं, सगळं काळं. सासूबाईंच्या फोटोत त्यांचं कुंकू काळं आलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

आणि श्रावणात दत्ताजीरावांनी गोकर्णीची छबी घेतली होती. प्रदर्शनाला पाठवायची म्हणून. त्या एका सकाळी महादेवाला तासभर थांबवलं होतं. वारा होता, वेल हलत होती, म्हणून म्हणाले, "जरा खालून धरून ठेव. हात येणार नाही चौकटीत." काच धुताना पाहते तर हात आलेला! मनगटापासून बोटांपर्यंत. आणि कागदावर पांढरी फुलं, काळा चुडा. तेव्हा ती केवढी भांडली होती. आणि त्यांनी देवघरासमोर उभं राहून सांगितलं होतं, "बाहेर देण्याआधी सुरीनं तेवढा भाग कापून टाकीन. आईसाहेबांची शपथ."

म्हणजे त्या मेल्यानं फाटक पाहिलंच नव्हतं. फोटो पाहिला होता!

संध्याकाळी दत्ताजीराव पागेतून आले, तेव्हा त्यांना चहा मिळाला नाही. येसूबाई दारातच उभी होती.

"ती छबी कुठंय?"

"कुठली?"

"गोकर्णीची. हाताची."

दत्ताजीरावांनी पगडी खुंटीला अडकवली. ती नीट अडकली होती, तरी पुन्हा नीट केली. "चौकटीला दिलीय. घडियाळी पोळीच्या गल्लीत, मगनभाईच्या दुकानी."

"हात कापून दिलीत?"

"तुला काय करायचंय? मुद्दा काय चाललाय, आणि तू—"

"हाच मुद्दा आहे! कवितेत फुलं पांढरी लिहिलीत. आपली पांढरी आहेत का? तुमच्या छबीत पांढरी आहेत!"

क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. येसूबाईनं तो पाहिला, आणि तिला कळलं की हे यांनाही आत कुठंतरी ठाऊक आहे. पण ठाऊक असणं आणि कबूल करणं यात पुरुषाच्या नाकाचं अंतर असतं, आणि दत्ताजीरावांचं नाक चांगलं लांब होतं.

"कवी लोक वाटेल ते लिहितात," ते म्हणाले. "काळ्याला गोरं म्हणतात. त्यावरून काय ठरतं? मगनभाई माझा माणूस आहे, तो कुणाला दाखवणार नाही. उगाच माझ्या गळ्यात घालू नकोस."

"मग त्यालाच बोलवा. श्रीपतरावाला. इथं, या ओसरीवर. चिकाच्या पडद्याआडून मी एकच गोष्ट विचारीन. तो निळी म्हणाला, तर दादाची वाटसुद्धा बघणार नाही. चालत जाईन डभोईला. ट्रंक डोक्यावर घेऊन."

"परक्या पुरुषाशी तू बोलणार?"

"छापून आलेय मी! आता बोलायचं काय राहिलंय?"

"बोलव त्याला," कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. दिवसभरात त्यांनी उच्चारलेले हे पहिलेच शब्द. "माझी शपथ घेतली होतीस तू. तीही खरी-खोटी होऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी श्रीपतराव आले. आणि कसे आले म्हणता? नवं उपरणं, कपाळाला गंध, हातात साप्ताहिकाचा तो अंक सुरळी करून धरलेला. गृहस्थाला वाटलं होतं की सत्काराला बोलावलंय! कचेरीत टाचणं लिहिणारा माणूस. त्याच्या कवितेसाठी आजवर कुणी टांगा पाठवला नव्हता. नालांच्या फाटकातून तो मान उंच करून आत आला. वेलीवर त्या वेळी एकही फूल नव्हतं, सगळी सकाळीच महादेवाला गेली होती. नुसता हिरवा पाला पाहून तो ओसरीवर चढला आणि भिंतीवरच्या चाबकाखालीच जाऊन बसला.

चिकाच्या काड्यांमधून येसूबाईला त्याचा मऊमऊ चेहरा दिसत होता. या चेहऱ्यानं तिचं घर मोडायला काढलं होतं. तिला त्याची इतकी चीड आली की तिनं हातातलं तबक आदळतच खाली ठेवलं.

"तुमची कविता वाचली," दत्ताजीराव म्हणाले.

"आपली कृपा, सरदार! अहो, हे फाटकच असं आहे. माणूस थबकतोच."

"तुम्ही थबकलात?"

आता कुठं श्रीपतरावांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग वर चाबकाकडे पाहिलं. नाही म्हणावं तर तात्यासाहेबांच्या दिवाणखान्यातलं ते हसू खोटं ठरत होतं, आणि हो म्हणावं तर चाबूक. त्यांनी उपरण्यानं मान पुसली.

"म्हणजे... जाता जाता. रस्त्यावरून. नजर गेली, इतकंच. वाईट हेतू नव्हता हो."

"नजर गेली!" दत्ताजीराव चिकाकडे वळून ओरडले. "ऐकलंस? आपल्या तोंडानं सांगतोय!"

"ऐकलं," येसूबाई म्हणाली. तिनं आवाज चढवला. "कवी, मला सांगा. नजर गेली तेव्हा फुलं कुठल्या रंगाची होती?"

बाईचा आवाज ऐकून श्रीपतराव दचकले. प्रश्न मात्र सोपा वाटला असावा, कारण त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

"पांढरी, बाईसाहेब. अगदी दुधासारखी. कवितेत आहेच की."

"नक्की? सांज असेल, डोळ्यांचा काही फेर झाला असेल."

"छे छे! सकाळचं लख्ख ऊन होतं. माझ्या डोळ्यांसमोर आहेत अजून. शुभ्र! फाटकभर!"

येसूबाईनं चिकाच्या खालून तबक बाहेर सरकवलं. देवावरून उतरवलेली सकाळची फुलं होती, थोडी मलूल झालेली, पण निळी ती निळीच. तबकभर निळी.

"ही फाटकावरची. सोळा वर्षं हाच रंग आहे. कांकणं कसली होती?"

श्रीपतराव तबकाकडे बघतच राहिले. "का... काळी."

आणि मग येसूबाईनं ते केलं, जे त्या घरात कुठल्याच बाईनं केलं नव्हतं. तिनं चिक बाजूला सारला आणि उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढला. हिरवा चुडा दिव्याच्या उजेडात चमकला.

"हात आत घे!" दत्ताजीराव किंचाळले.

"का? गावानं पाहिला, यांनी पाहू नये? बघा हो कवी. हाच तो हात. काळा आहे का चुडा? नीट बघून सांगा, पुन्हा कविता करताना चुकायला नको."

श्रीपतराव उठून उभे राहिले, आणि उठता उठता त्यांचा सगळा कविपणा गळून पडला. "मला माफ करा! मी इकडे फिरकलोसुद्धा नाही हो! मगनभाईच्या दुकानात फोटो आहे, अगदी समोर, फळीवर मांडलेला. माझं घर त्याच्या समोरच. पंधरा दिवस येता-जाता बघतोय. सगळी पोळ बघतेय! नाल दिसले म्हणून मगनभाईला विचारलं, तर तो म्हणाला, दत्ताजीरावसाहेबांचं फाटक. आणि हात आहे त्यात. मला काय ठाऊक कुणाचा!"

"मग हसलास कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

खोटं हसून चार माणसांत भाव खाल्ला, एवढंच होतं त्यात. दत्ताजीरावांनी चाबूक भिंतीवरून काढला खरा, पण तो कुणावर उगारायचा ते त्यांना कळेना. तेवढ्यात श्रीपतराव पायऱ्या उतरून फाटकाबाहेर पसार झाले. उपरणं ओसरीवरच राहिलं.

मग दत्ताजीरावांनी चाबूक खुंटीवर लावला.

"बरं," ते म्हणाले. "गैरसमज झाला. ट्रंक सोडून टाक. मगनभाईला मी बघून घेतो."

"मगनभाईला?" येसूबाई चिकाबाहेर आली. "मगनभाईनं शपथ घेतली होती का? हात कापून टाकीन म्हणालात. मग सुरी चालवली का नाही?"

दत्ताजीरावांनी खाली पाहिलं. "छबी चांगली आली होती," ते पुटपुटले. "हातामुळंच चांगली आली होती. हात काढला असता तर नुसता पाला राहिला असता. प्रदर्शनात कुणी ढुंकून पाहिलं नसतं."

"हे कालच सांगायचं होतं. मी तोंडावर ओरडले तेव्हा. तुम्हाला कळलं होतं. मी पाहिलं तुमचं तोंड. कळूनही मला डभोईला पाठवायला निघालात. स्वतःचं नाव वाचावं म्हणून!"

दत्ताजीराव श्रीपतरावांचं उपरणं उचलून घडी घालू लागले.

येसूबाई मागच्या अंगणात गेली. बंब पेटलेलाच होता, पाणी कढत होतं. अंधाऱ्या खोलीतल्या फळीवर काचा ओळीनं लावलेल्या, तिनंच लावलेल्या. हवी ती काढायला तिला दिवासुद्धा लागला नाही. तिनं गोकर्णीची काच परातीत ठेवली आणि वरून घागरभर कढत पाणी ओतलं. साय सुरकुतली, फुगली, सुटली. फुलं गेली, नाल गेले, हात गेला. दत्ताजीराव धावत आले तोवर तिच्या हातात खिडकीला लावतात तशी कोरी काच होती.

"अगं, प्रदर्शन..."

"घ्या. पाठवा ही. आणि मगनभाईकडचा कागद आज रात्रीच आणून चुलीत घाला."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलाला सावरलं नाही आणि सुनेला रागावलंही नाही. येसूबाई त्यांच्याकडे वळली.

"आईसाहेब, उद्या एक दिवस महादेवाला बेल वाहा. उद्या मी फुलं खुडणार नाही."

"का गं?"

"गावानं पांढरी वाचलीत. दिवसभर वेलीवर राहू देत, सगळ्यांनी निळी बघू देत. आणि हे फाटकाशी उभे राहतील. जो विचारेल त्याला सांगतील."

"मी?" दत्ताजीराव म्हणाले. "काय सांगू?"

"खरं काय ते. नाहीतर दादा येतोच आहे, मी जाते. तुम्हीच बोलावलाय त्याला."

सकाळी सूर्य वर आला, तेव्हा नालांच्या फाटकाचे दोन्ही खांब निळे झाले होते. सोळा वर्षांत कुणी पाहिले नव्हते असे. शहराकडे जाणारी माणसं थबकू लागली. भाजीवालीनं टोपली खाली ठेवली आणि खो खो हसत विचारलं, "साहेब, आमां धोळुं क्यां छे?" यात पांढरं कुठं आहे? शेजारच्या बंगल्यातले मास्तर चष्मा वर करून दोनदा बघून गेले. तात्यासाहेबांचा टांगा तर मुद्दाम थांबला.

दत्ताजीराव पगडी घालून फाटकात उभे होते. पहिल्या दोघांना त्यांनी काहीतरी गुळमुळीत सांगितलं. मग माडीच्या खिडकीतून येसूबाईच्या खाकरण्याचा आवाज आला, आणि त्यांनी तात्यासाहेबांना सगळं सांगितलं. काच, मगनभाई, शपथ, सगळं. मान खाली घालून.

दहाच्या सुमाराला स्टेशनाकडून फत्तेसिंहराव आले. पत्र वाचून निघालेला माणूस, डोळे तांबारलेले. खांबांवरची फुलं त्यांनी पाहिलीही नाहीत.

"काय केलं माझ्या बहिणीनं?"

दत्ताजीरावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पदर दिसत होता, त्यापलीकडे काही नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "हात मी दाखवला. पंधरा दिवस, भर पोळीत. आणि आळ तिच्यावर घातला."

फत्तेसिंहरावांनी मूठ वळली. ती मूठ उठली असती, पण वरून बहिणीची हाक आली. रस्त्यावर ऐकू जाईल अशी, मोकळी हाक.

"दादा, तू आत ये. जेवून जा. मी येत नाहीये, हे घर माझं आहे." मग जराही न थांबता ती म्हणाली, "आणि अहो, तुम्ही तिथंच थांबा. फुलं सांजेपर्यंत टिकतात."